लोहकणांचा कॉन्ट्रास्ट आणि मूत्रपिंडाचे रुग्ण
एमआरआयची प्रतिमा स्पष्ट यावी म्हणून टोचले जाणारे गॅडोलिनियमयुक्त औषध (कॉन्ट्रास्ट) मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते. गॅडोलिनियमऐवजी लोहाचे चुंबकीय नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) वापरले तर मूत्रपिंडाच्या रुग्णांची ही अडचण दूर होईल का, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. आमच्या सोलापुरातही एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागतात, तो याच काळजीपोटी. आयर्न ऑक्साइडच्या या कणांवर बहुधा डेक्स्ट्रानसारख्या शर्करायुक्त पदार्थाचे आवरण असते. ते भोवतालच्या पाण्यातील प्रोटॉनांचा टी-२ काळ (त्यांचा एमआरआय संकेत विरून जाण्यास लागणारा वेळ) घटवतात, त्यामुळे कण जिथे साठतात तो भाग काळा दिसतो. यकृतातील कुप्फर पेशी हे कण गिळतात, त्यामुळे निरोगी यकृत काळवंडते आणि ज्या गाठीत अशा पेशी नाहीत ती उजळ उठून दिसते. ही युक्ती मला फार सुंदर वाटते. कणांतील लोह पुढे शरीराच्या लोहसाठ्यातच मिसळते, मूत्रपिंडावर त्याचा भार पडत नाही. तरीही हे कण सरसकट निर्धोक मानू नयेत. अशाच कणांचे इंजेक्शन असलेल्या फेरुमॉक्सिटॉलला अमेरिकेत २००९ मध्ये मंजुरी मिळाली ती मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयासाठी, इमेजिंगसाठी नव्हे. आणि जीवघेण्या अ‍ॅलर्जीच्या घटनांमुळे २०१५ मध्ये त्यावरचा इशारा अधिक कडक करावा लागला. शिवाय त्याचा परिणाम एमआरआयच्या प्रतिमांवर काही महिने राहू शकतो, म्हणून असे इंजेक्शन घेतले असल्यास पुढच्या तपासणीपूर्वी रेडिओलॉजिस्टना त्याची तारीख आवर्जून सांगावी.