झाकोपानेच्या मद्यगृहाचे रचलेले छायाचित्र: खाली काय लिहावे?

प्रश्न (पंचगंगाकाठ):
नमस्कार. वळिवडे येथील दुसऱ्या महायुद्धकाळातील पोलिश निर्वासितांच्या छावणीच्या स्मरणार्थ आम्ही कोल्हापुरातील काही छायाचित्रकार एक प्रदर्शन मांडत आहोत. त्या निर्वासितांच्या देशाची आनंदी बाजूही त्यात दिसावी, म्हणून पोलंडमधील तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या झाकोपाने गावातील चित्रकार, कवी आणि संगीतकारांची मद्यगृहातील मैफल आम्ही पन्हाळ्यावरील एका जुन्या दगडी घरात नटांना बसवून टिपणार आहोत. छायाचित्र तपकिरी छटेत छापून खाली केवळ ‘झाकोपाने, १९२५’ असे लिहावे, असा काही सहकाऱ्यांचा आग्रह आहे. मला तो खटकतो. आपले मत काय? कपडे आणि मांडणीबद्दलही सुचवावे.

उत्तर (दसरा चौक):
आधी एक मूलभूत शंका. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात राहिलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांपैकी बहुतेक जण पूर्व पोलंडमधील होते आणि सोव्हिएत राजवटीने त्यांना तेथून सैबेरियाकडे हद्दपार केले होते. झाकोपाने देशाच्या दक्षिण टोकाला आहे. हे त्यांचेच गाव असल्याचा समज या छायाचित्रातून होऊ नये.

उत्तर (कपडेपट):
विषय उत्तम आहे, कारण रचलेल्या छायाचित्राचा वारसा त्या गावातच सापडतो. १८९९ मध्ये रेल्वे पोहोचल्यावर झाकोपानेला क्राकूव्ह, वॉर्सा येथील कलावंतांचा ओघ वाढला. तेथेच वाढलेला चित्रकार आणि नाटककार स्तानिस्वाव इग्नात्सी वित्क्येविच, म्हणजे वित्कात्सी, मित्रांना जमवून, चित्रविचित्र वेश करून, तोंडे वेडीवाकडी करून छायाचित्रे काढवून घेत असे. ती पाहणाऱ्याला फसवण्यासाठी नव्हती. सोंग हे सोंग म्हणूनच समोर मांडलेले असे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या व्यक्तिचित्रांत दिसते. १९२५ च्या सुमारास त्याने ‘व्यक्तिचित्र कंपनी’ काढली आणि १९२८ मध्ये तिची नियमावली छापली, तीत चित्रांचे प्रकार ठरवून दिले होते आणि ग्राहकाला टीका करण्यास मनाई होती (आपल्याकडच्या किती चित्रकारांना ही सोय हवी असेल!). त्या काळातील कित्येक चित्रांच्या कोपऱ्यात तो चित्र काढताना आपण काय प्यायलो होतो, किंवा किती दिवस दारू-तंबाखूपासून दूर होतो, हे सांकेतिक अक्षरांत नोंदवीत असे. चित्र कोणत्या अवस्थेत घडले हे त्यावरच लिहिणाऱ्या माणसाच्या गावाचा गौरव करताना आपण स्थळ आणि साल खोटे लिहिणे योग्य ठरणार नाही. ‘पन्हाळ्यावर रचलेले दृश्य’ असे छायाचित्राच्या चौकटीतच लिहावे.

सालाबद्दलही जपावे. संगीतकार कारोल शिमानोव्स्की झाकोपानेतील ‘आत्मा’ या घरात राहायला आला तो १९३० मध्ये. १९२५ च्या मैफलीत त्याला तेथील रहिवासी म्हणून बसवू नये.

उत्तर (काचेची पट्टी):
तंत्राच्या अंगाने थोडे. दिव्याच्या उजेडातील मद्यगृहात, त्या काळच्या, उजेड हळू टिपणाऱ्या काचेच्या पट्टीवर छायाचित्र घ्यायचे म्हणजे एकतर सर्वांनी काही क्षण स्तब्ध बसायचे किंवा मॅग्नेशियमच्या भुकटीचा भपका उडवायचा. त्यामुळे खरी जुनी छायाचित्रेही बहुधा बसवलेलीच असत. हसताना, प्याले उंचावताना नकळत टिपल्याचा आभास निर्माण कराल, तर तेच सर्वांत आधी खोटे वाटेल. नटांना थेट भिंगाकडे पाहू द्या.

कपड्यांत शहरी मंडळींचे कोट-टाय सोपे आहेत. तात्रातील डोंगरी लोकांच्या पांढऱ्या लोकरी, भरतकाम केलेल्या विजारी मात्र शिवून घ्याव्या लागतील; कोल्हापुरात नाटक-चित्रपटांचे कपडे शिवणारे कारागीर मिळतील. डोंगरी व्हायोलिनवाद्यांना मागच्या भिंतीशी शोभेपुरते उभे करू नका, कारण शिमानोव्स्कीने त्यांच्याच संगीतावरून ‘हार्नाशे’ हे नृत्यनाट्य रचले. त्यांना मेजाशी जागा द्या.

प्रश्नकर्ता (पंचगंगाकाठ):
आभारी आहे. वेगळे साल न टाकता ‘दोन महायुद्धांमधील झाकोपानेच्या कलावंतांना आदरांजली, दृश्य पन्हाळ्यावर रचले आहे’ असा मजकूर सहकाऱ्यांसमोर ठेवतो. तपकिरी छटेवर मात्र ते अजून अडून आहेत.

उत्तर (दसरा चौक):
छटा राहू द्या, पण कृत्रिम ओरखडे आणि दुमडल्याच्या खुणा टाकू नका. शेजारी छावणीची खरी छायाचित्रे असतील, तर हे छायाचित्र वेगळ्या भिंतीवर लावा.