ब्लेंडर: लाकडी नंदीच्या गळ्यातला रिबनचा बो रबरासारखा दिसतो

सागवान_नंदी यांचा प्रश्न:

तान्ह्या पोळ्यासाठी विकायच्या सागवानी नंदीचं चित्र ब्लेंडर ४.२ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करून राहिलो. नंदी ३० सेंमी उंच, चाकांवरचा. बैल, झूल, घुंगरमाळ सगळं जमलं. गळ्यातला लाल साटीनचा बो तेवढा जमून नाही राहिला. बेझिअर कर्व्हला (वाकवता येणारी रेघ) एक्स्ट्रूड, म्हणजे रुंदी, देऊन फीत केली आणि गाठीजवळ आल्ट + एस नं बारीक केली. आता ती फीत नाही, ताणलेलं रबर वाटते. लोंबणाऱ्या सोग्यांसाठी क्लॉथ (कापडाचं सिम्युलेशन) लावलं तर पहिल्या दहा फ्रेममध्येच कापड उडून जाते. शिंगांवर ६ मिमीची फीत गुंडाळायची आहे, तेही सांगा. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, ग्राफिक कार्ड नाही.

निऱ्या_आणि_नोड्स यांचं उत्तर:

रबराचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे, भाऊ. खरी फीत गाठीजवळ अरुंद होतच नाही. २५ मिमीची फीत गाठीतही २५ मिमीच असते, फक्त तिच्या निऱ्या पडतात. आल्ट + एस रुंदीच खाऊन टाकतं, म्हणून डोळ्याला लगेच खटकतं. दुसरी गोष्ट, फीत वाकते आणि पिळते, पण आपल्याच पातळीत आडवी वळत नाही. तुमचा कर्व्ह कुठे तसा वळत असेल तर ती फीत न दिसता कात्रीनं कापलेलं स्टिकर दिसेल. तिथे कंट्रोल + टी नं पीळ द्या किंवा सरळ घडी घाला.

बोची पाकळी, म्हणजे गाठीच्या बाजूचा फुगा, अशी करा. वरून दिसणाऱ्या व्ह्यूमध्ये, म्हणजे नमपॅड ७ वर, पाण्याच्या थेंबासारखा उघडा कर्व्ह काढा. टोक गाठीकडे, लांबी ७० मिमी, पाच बिंदू पुरेत. कर्व्ह बंद करू नका, दोन्ही टोकं गाठीत जायची आहेत. एक्स्ट्रूड ०.०१२५ मी. ठेवा. तो दोन्ही बाजूंना लागतो, म्हणून रुंदी २५ मिमी येते. (०.०२५ टाकून ‘फीत दुप्पट काहून झाली’ हा घोळ नेहमीचा.) बेव्हल शून्य.

आता कर्व्ह मेशमध्ये, म्हणजे बिंदूंच्या जाळीत, बदला, कंट्रोल + आर नं लांबीच्या दिशेला ७ काप द्या. रुंदीत ८ पट्ट्या झाल्या, प्रत्येक साधारण ३.१ मिमी. गाठीकडच्या एका टोकाच्या ९ बिंदूंपैकी २, ४, ६, ८ क्रमांकाचे निवडून वाय दिशेनं २.९ मिमी सरकवा, मग नऊही बिंदू झेडमध्ये ०.३६ नं आकसवा. टोकाची उंची ९ मिमी झाली आणि नागमोडी मोजली तर फीत अजूनही २५ मिमीच आहे. २.९ हा आकडा तिथूनच आला: प्रत्येक पट्टी ३.१ मिमी राहून १.१ मिमी उंचीत बसवायची, तर खोली तेवढी लागते. हे करताना ओ दाबून प्रपोर्शनल एडिटिंग (आसपासचे बिंदूही थोडेथोडे सोबत नेणारी सोय) चालू ठेवा, त्रिज्या सुमारे ३० मिमी, ‘कनेक्टेड ओन्ली’ लावून. फक्त सरकवण्याआधी १, ३, ५, ७, ९ च्या लांबीच्या रेघा एच नं लपवा, नाहीतर त्याही सोबत सरकतात आणि निरी पडत नाही; आकसवण्याआधी आल्ट + एच नं परत आणा. मग निऱ्या पाकळीच्या मध्याकडे हळूहळू विरतात.

दुसरं टोक तसंच, पण निऱ्या त्याच बाजूला सरकवा. उलट बाजूला गेल्या तर दोन्ही थर एकमेकांतून आरपार निघतात.

दुसरी पाकळी मिररनं करा, मॉडिफायर अप्लाय करा आणि ती ५ ते ८ अंश फिरवून किंचित खाली झुकवा. तंतोतंत सारखा बो प्लास्टिकचा वाटतो. गाठ हा वेगळा तुकडा: समोरून १२ ते १४ मिमी रुंद, दोन-तीन निऱ्यांचा, मधोमध जरा फुगीर, मागे जोड लपवलेला. सॉलिडिफाय (जाडी देणारा मॉडिफायर) ०.३ मिमी, तो सबडिव्हिजनच्या (जाळी गुळगुळीत करणारा) नंतर ठेवा. आधी ठेवला तर काठ गोलसर होतात आणि साटीन जाऊन फोम येतो.

वर्धाकाठ यांचं उत्तर:

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. कापड उडतं ते मापामुळे. क्लॉथमध्ये टक्कर आणि सेल्फ कोलिजन (कापडाची स्वतःशीच टक्कर) दोन्हीचं अंतर मुळात ०.०१५ मी. असतं, म्हणजे १५ मिमी. फीतच २५ मिमीची. तिचे शेजारचे थर एकमेकांना ढकलत सुटतात. बैलाच्या कोलिजनमधली बाहेरची जाडीही ०.०२ मी. असते.

सिम्युलेशनपुरतं सगळं १० पट मोठं करा, कंट्रोल + ए नं स्केल अप्लाय करा, वरचे तिन्ही आकडे ०.००५ वर आणा. क्वालिटी स्टेप्स १२. टेन्शन १५ वरून ४० करा, नाहीतर सोगे स्वतःच्या वजनानं लांबतात आणि पुन्हा तेच रबर. बेंडिंग ०.५ वर फीत ओल्या चिंधीसारखी पडते, साटीनला ५ ते १० लागतं. सोग्याच्या जाळीचे चौकोन खरोखर चौकोन हवेत: १०० × २५ मिमीला ३२ × ८. लांबट चौकोन असले की घड्या एकाच दिशेला पडतात. गाठीकडची रांग पिन ग्रुपमध्ये, म्हणजे जागेवर धरलेली. टोकाची व्ही खाच सिम्युलेशनआधीच: मधला ५ वा बिंदू १२ मिमी आत, प्रपोर्शनलचा उतार लिनिअर.

तुमच्या लॅपटॉपला जड जाईल तो कोरीव बैल. त्याची प्रत काढून डेसिमेट (जाळी विरळ करणारा मॉडिफायर) ०.१ करा, कोलिजन त्या प्रतीला द्या, रेंडरमध्ये ती लपवा. फाइल सेव्ह करून डिस्क कॅशे चालू करा. मधेच लाइन गेली तरी झालेल्या फ्रेम फोल्डरमध्ये राहतात.

सागवान_नंदी:

निऱ्या जमल्या, बो एकदम खरा दिसून राहिला! सोगेही छातीवर नीट बसले. आता शिंगं आणि चमक. ईव्ही या रेंडर इंजिनमध्ये साटीनची चमक गोल ठिपक्यासारखी येते.

निऱ्या_आणि_नोड्स:

शिंगासाठी ६ मिमीची एक उभी कड घ्या, शिंगाच्या बुडाच्या त्रिज्येपेक्षा थोडी दूर. स्क्रू मॉडिफायर: अक्ष झेड, स्क्रू १० मिमी, इटरेशन ७. म्हणजे ७ सेंमीत सात वेढे, मधून ४ मिमी लाकूड दिसत राहतं. स्टेप्स ३२. शिंग जास्त वाकडं असेल तर आधी शिंगाच्या मधोमध काढलेल्या कर्व्हवर कर्व्ह मॉडिफायर लावा. मग श्रिंकरॅप (फीत शिंगाला लपेटणारा), ‘अबव्ह सरफेस’, ऑफसेट ०.५ मिमी. ऑफसेट शून्य ठेवला की लाकूड फितीतून ठिपक्याठिपक्यांनी वर येतं. सॉलिडिफाय सगळ्यात शेवटी.

चमकेसाठी सायकल्स हे दुसरं रेंडर इंजिनच लागेल, ईव्हीत अ‍ॅनिसोट्रॉपी (चमक एकाच दिशेला पसरणं) चालत नाही. रफनेस ०.३, अ‍ॅनिसोट्रॉपिक ०.७, टँजंट नोड यूव्हीवर (जाळीचा सपाट उलगडलेला नकाशा). साटीनच्या वरच्या अंगाचे धागे लांबीत धावतात, म्हणून चमक रुंदीत पसरायला हवी. लांबीत पसरली तर रोटेशन ०.२५ करा. यूव्ही ‘फॉलो अ‍ॅक्टिव्ह क्वाड्स’नं सरळ पट्टीत उलगडा, तिरपा असला की प्रत्येक निरीवर चमक वेगळीकडे पळते. १२८ सॅम्पल आणि डीनॉइज पुरेसं आहे.