मोटार सुरू होताच ईएसपी३२ रीसेट होतो आणि पुन्हा उठत नाही; फ्लॅश गेली का?

प्रश्न (अंबड, जि. जालना)

नमस्कार. मोसंबीच्या बागेतील ठिबकचे चार व्हॉल्व्ह चालवण्यासाठी मी ईएसपी३२ या वायफाय असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिपचा बोर्ड मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीशेजारी बसवला आहे. बोर्डाला एक आणि व्हॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या रिले मॉड्यूलला दुसरा असे पाच व्होल्टचे दोन अडॅप्टर आहेत. व्हॉल्व्ह उगाच खटखटू नयेत म्हणून मी आधी बोर्ड चालू करतो आणि तो स्थिरावल्यावर रिलेचा अडॅप्टर लावतो. पाच एचपीची मोटार सुरू होताना आठवड्यातून तीन-चार वेळा बोर्ड रीसेट होतो आणि तिथेच अडकतो. टीएक्स (बोर्डाचे संदेश बाहेर पाठवणारी पिन) आणि ग्राउंड या दोनच तारा लॅपटॉपला जोडून पाहिले, तेव्हा आधी ब्राउनआउटचा (व्होल्टेज फार खाली गेल्याचा) संदेश आला आणि नंतर ‘फ्लॅश रीड एरर, १०००’ (प्रोग्रॅम साठवणारी फ्लॅश मेमरी वाचता येत नाही) ही ओळ सतत येत राहिली. बोर्ड घरी आणून प्रोग्रॅम पुन्हा भरला की तो ठणठणीत चालतो. पाणी किती मिनिटे सोडले तो आकडा मी दर १० सेकंदांनी प्रेफरन्सेसमध्ये (फ्लॅशमध्ये आकडे जपणारी लायब्ररी) साठवतो, त्यामुळे फ्लॅश झिजली असावी अशी शंका आहे. नवा बोर्ड घ्यावा का?

उत्तर १ (लातूर)

दर १० सेकंदांनी म्हणजे दिवसाला ८,६४० वेळा लिहिणे झाले. या फ्लॅशचा एक सेक्टर (एकदम पुसला जाणारा भाग) साधारण एक लाख वेळा पुसता येतो, म्हणजे हिशेबाने बाराव्या दिवशी तो संपला. बोर्ड बदला आणि आकडा व्हॉल्व्ह बंद होतानाच साठवा.

उत्तर २ (वाळूज एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर)

वरील हिशेब प्रत्येक लेखनाला सेक्टर पुसला जातो असे धरून केला आहे, आणि प्रेफरन्सेस तसे करत नाही. त्याच्या ४ केबीच्या एका पानात ३२ बाइटच्या १२६ नोंदी मावतात. नवा आकडा पुढच्या मोकळ्या नोंदीत जातो आणि पान भरल्यावरच पुसण्याची वेळ येते. तुमच्या वेगाने दिवसाला सुमारे ६९ वेळा पुसणे होते, तेही अनेक पानांत विभागून. कमी वेळा लिहावे हे खरेच, पण बोर्ड टाकून देण्याचे कारण ते नाही.

माझा संशय वेगळा आहे. एखादा रिले बोर्डाच्या जीपीआयओ १२ या पिनवर जोडला आहे का? रीसेटच्या क्षणी ही पिन ‘हाय’ असली (तिच्यावर व्होल्टेज असले), तर चिप फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते. नेहमीच्या मॉड्यूलमधील फ्लॅश तेवढ्यावर वाचता येत नाही आणि नेमकी तीच ओळ उमटते. ‘लो’ला (शून्य व्होल्टला) चालू होणारे रिले मॉड्यूल आपली इनपुट तार आतून वर, म्हणजे ‘हाय’कडे, ओढून धरते. तुम्ही रिलेचा अडॅप्टर मागाहून लावता, म्हणून सकाळी बोर्ड बिनतक्रार उठतो. मोटारीच्या झटक्याने रीसेट होतो तेव्हा रिलेला वीज असतेच, म्हणून अडकतो. घरी रिलेच जोडलेला नसतो, त्यामुळे श्रेय फुकट प्रोग्रॅम भरण्याला मिळते.

मोटार न लावता पडताळा घ्या. दोन्ही अडॅप्टर चालू ठेवून बोर्डावरचे ईएन (रीसेटचे) बटण दाबा, आणि ती ओळ आली तर बाराची तार काढून पुन्हा दाबा. ईफ्यूज (चिपमधील एकदाच लिहिता येणारी सेटिंग) जाळून ३.३ व्होल्ट कायमचे ठरवता येतात, पण ते परत फिरवता येत नाही. तार हलवणे सोपे.

मूळ रीसेट यानेही थांबणार नाही. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, लाइन बसते, आणि त्याच वेळी वायफाय बोलत असेल तर बोर्डाचा हलका अडॅप्टर कोलमडतो. किमान २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या, बोर्डाच्या ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि काँटॅक्टरच्या (स्टार्टरमधील मोटार जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर तिच्या व्होल्टेजला चालणारा तयार आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) बसवून घ्या. कॉइल एसीची असल्याने तिथे डायोड चालणार नाही.

प्रश्नकर्ता

चौथा व्हॉल्व्ह खरोखरच बारावर होता. ईएन दाबताच तीच ओळ आली आणि तार काढल्यावर बोर्ड लगेच उठला. तार आता २७ वर नेली आहे. काल मोटारीने बोर्ड पुन्हा रीसेट केला, पण काही सेकंदांत तो आपोआप सुरू झाला. अडॅप्टर आणि स्नबर जालन्याहून आणायचे आहेत.