मदत हवी आहे: ईव्हारनंतर बाबांना चालताना डाव्या नितंबात दुखतंय

नमस्कार. बाबांचं वय ७३, पूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, बीपी आहे. पोटातल्या महाधमनीला फुगा होता, सीटी अँजिओत ५.८ सेंमी भरला. साडेपाचच्या वर थांबू नये म्हणाले आणि पोट न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (धमनीला आतून अस्तर देणारी नळी) बसवला, यालाच ईव्हार म्हणतात. फुगा डाव्या इलियाकमध्ये (महाधमनीची पायाकडे जाणारी शाखा) उतरलेला होता, म्हणून तिची आतली फांदी कॉइल टाकून बंद केली. संमतीपत्रात हे होतं, पण सही करताना कोणाला एवढं कळतं!

दुसऱ्याच दिवशी रक्ताचे जुलाब आणि डावीकडे ओटीपोटात कळा. सिग्मॉइडोस्कोपीत (खालून दुर्बीण घालून केलेली तपासणी) मोठ्या आतड्याच्या फक्त आतल्या अस्तराला रक्त कमी पडल्याचं दिसलं. तोंडाने सगळं बंद, सलाईन, अँटिबायोटिक, लॅक्टेटवर (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) लक्ष. ऑपरेशनची वेळ आली नाही.

आता पोट ठीक आहे, पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले की डावं नितंब आवळून येतं, थांबले की जातं. फॅमिली डॉक्टर म्हणतात मणका, आत्या म्हणते गादी बदला. उजवी इलियाकही थोडी फुगलेली आहे, वाढली तर तिकडेही 'तेच करू' असं ऐकलंय. त्याचीच जास्त धास्ती वाटते. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी व्हॅस्क्युलर सर्जन आहे. फिल्म न बघता लिहितोय, तेव्हा बेताने घ्या.

मणक्याचं दुखणं बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर उतरतं. रक्त कमी पडल्याचं नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत जातं. बाबांचं कसं आहे ते बघा. आतली इलियाक नितंबाला रक्त देते, ती बंद केल्यावर हा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि रोज चालत राहिलं तर आजूबाजूच्या वाहिन्या मोठ्या होऊन काही महिन्यांत पुष्कळांचा कमी होतो. मात्र ग्राफ्टचा पाय (इलियाकमध्ये उतरणारा त्याचा फाटा) मुडपलेला किंवा गुठळीने अरुंद झालेला नाही ना, हे जांघेची नाडी, घोट्याचं प्रेशर आणि डॉपलरवर आधी बघून घ्या. गोळ्या देण्याची वेळ आली आणि सिलोस्टाझॉल (चालताना होणाऱ्या अशा दुखण्यावरची गोळी) लिहिली, तर हार्ट फेल्युअर असल्यास ती चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आतड्याचं म्हणाल, तर ग्राफ्टखाली इन्फिरिअर मेसेंटेरिकचं (मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त देणारी धमनी) तोंड झाकलं जातं. एरवी निभतं, कारण वरून सुपीरिअर मेसेंटेरिक (आतड्याची वरची धमनी) आणि खालून दोन्ही आतल्या इलियाक रक्त पुरवतात. बाबांची खालची एक बाजू गेली आहे, म्हणून उजवी राखणं माझ्या मते फार महत्त्वाचं. दोन्ही गेल्या तर नितंब आणि आतडं तर आहेच, क्वचित मज्जारज्जूलाही झळ बसते. उजवीकडे इलियाक ब्रँच डिव्हाइस (आतली फांदी चालू ठेवणारा, जादा फाटा असलेला ग्राफ्ट) बसेल का, हे स्पष्ट शब्दांत विचारा.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला, पुन्हा रक्ताचे जुलाब झाले किंवा पोट टणक झालं, तर ओपीडीची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीला न्या.

धागाकर्ती

खूप आभार! उभ्याउभ्याच थांबतं, बसावं लागत नाही. म्हणजे गादी वाचली. एक शंका: ग्राफ्ट आधीच आत असताना ब्रँचवाला बसवता येतो?

प्रतिसाद

येतो, पण काम अवघड होतं. ग्राफ्ट जिथे दोन पायांत फुटतो त्या दुभाजकावरून तार वळवताना जुना ग्राफ्ट हलण्याची भीती असते, म्हणून बरेचदा हाताच्या धमनीतून जातात. मापं जुळायला हवीत, आणि ज्यांनी असे ग्राफ्ट बसवलेत त्यांचंच मत घ्या. सीटी पुन्हा करायचा असेल तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या. जुन्या सीटीची सीडीही सोबत न्या, नुसत्या छापील रिपोर्टवरून मापं काढता येत नाहीत.