पहिलं घड्याळ: मिलिमीटर आधी, ब्रँड नंतर

पंधरा हजारांत पहिलं चांगलं घड्याळ घ्यायचंय, मनगट बारीक आहे आणि क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारं) की ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं) हे ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर बहुतेकांनी ब्रँड सुचवलेत. मी आधी मापाबद्दल सांगेन.

सगळे ४० मिमी, ४२ मिमी असा व्यास बघतात. त्यापेक्षा लग-टू-लग बघा, म्हणजे पट्टा अडकतो त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर. ते मनगटाच्या रुंदीबाहेर गेलं, तर घड्याळ कितीही देखणं असो, उसनं आणल्यासारखंच दिसतं. दुकानात जाऊन हातावर चढवून बघाच.

रोज तेच घालणार असाल आणि वेळ अचूक हवी असेल, तर क्वार्ट्झ बिनधास्त घ्या. साधं क्वार्ट्झसुद्धा महिन्याला साधारण १५ सेकंदांच्या आत चुकतं. उलट सेको ५ या ऑटोमॅटिक घड्याळांमधल्या ४आर३६ मशीनला कंपनीच दिवसाला +४५ ते -३५ सेकंदांची मुभा देते. काढून ठेवलं की ४१ तासांच्या आसपास बंद पडतं.

तरीही मी ऑटोमॅटिकच घेतलं. बाबा रोज सकाळी चहाआधी त्यांच्या एचएमटी जनता घड्याळाला हातानं चावी द्यायचे. तो आवाज माझ्या कानात आहे. असं काही कारण तुमच्याकडे असेल तर दुसरा विचार करू नका.

आणि हो, ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे हात धुण्यापुरतं. पोहत असाल तर किमान १०० मीटरचंच घ्या.