मदत हवी आहे : नव्या जोडीदाराला नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा कसे न्यावे?

नमस्कार. मी पुण्यात १० मीटर एअर पिस्तूल प्रकाराचा सराव करते. ज्याच्याशी माझे नुकतेच प्रेमाचे नाते जुळले आहे, त्याला माझा हा छंद ठाऊक आहे. परंतु बंदूक म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर पोलीस आणि गुन्हेगारच येतात. नेमबाज स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले तेव्हा माझ्या जोडीदाराने आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या, तरी माझी पिस्तुलाची पेटी पाहिली की तो दोन पावले मागे सरकतो. ४.५ मिलिमीटर छर्‍याच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या या पिस्तुलाला परवाना लागत नाही, हे सांगूनही त्याची भीती गेलेली नाही, आणि भीती काही कायद्याने जात नाही हे मलाही मान्य आहे.

आता तो स्वतःहून रेंजवर यायला तयार झाला आहे. पहिल्या दिवशी त्याने मागे बसून केवळ पाहावे, की नळी सदैव लक्ष्याकडे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, एवढे नियम समजावून काही छर्रे त्यालाही मारू द्यावेत? एका हाताने पिस्तूल पेलण्यापेक्षा टेकूवर ठेवलेली रायफल नवख्याला सोपी जाईल, असे मला वाटते. शिकवणे मात्र मी करावे की प्रशिक्षकांवर सोपवावे? माझ्या सूचना त्याला हुकूम वाटतील, अशी शंका आहे. ज्यांनी आपल्या जोडीदाराला असे रेंजवर नेले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.