मदत हवी आहे: मुलाचं सायकॉलॉजिकल असेसमेंट पुण्यात कोण करतं? अर्जंट

कोरा चहा
घाईत आहे म्हणून थेट लिहिते. मुलाचं सायकॉलॉजिकल असेसमेंट करून रिपोर्ट घ्यायचाय. पुण्यात कोण चांगलं आहे, किती दिवसांत मिळतो आणि कोर्टात चालेल असा लेटरहेडवर देतात का? तारीख जवळ आलीये. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, 'मुलाला वेळ द्या' टाइप उपदेश प्लीज नकोत.

निळी छत्री
एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अडचण) टेस्टिंग का? दहावीच्या सवलतीसाठी हवं असेल तर खासगी रिपोर्ट घेऊन उपयोग नाही, ठरवून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलचंच सर्टिफिकेट लागतं. आत्तापासून नंबर लावा, आमच्या भाचीच्या वेळी फार रखडलं होतं.

जुना शिवाजीनगरकर
ताई कोर्ट म्हणताय म्हणजे ताब्याचं मॅटर असणार. मुलाचं वय? सध्या कोणाकडे आहे? असेसमेंटची ऑर्डर झालीये की तुम्हीच करून घेताय? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

कोरा चहा
एलडी नाही हो. कस्टडीच आहे, पुणे फॅमिली कोर्ट. ऑर्डर वगैरे नाही, वकील म्हणाले मुलगा वडिलांना घाबरतो असा रिपोर्ट आणा, ॲक्सेस (वडिलांची मुलाशी भेट) बंद करून घेऊ. मुलगा माझ्याकडेच आहे.

तिरफळ
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे (पुण्यात नाही, त्यामुळे जाहिरात समजू नये). 'घाबरतो असा रिपोर्ट' आधीच ठरवून कोणी येत असेल तर मी तरी केस घेत नाही, आणि जो घेईल त्याच्यापासून चार हात लांब राहा. असेसमेंट म्हणजे नुसतं मुलाला बसवून चित्र काढून घेणं नव्हे. आईशी वेगळं बोलायचं, वडिलांशी वेगळं, मूल एकटं, मूल आईबरोबर, मूल वडिलांबरोबर, मग शाळेतल्या बाईंशी. वडिलांना न भेटताच 'वडील असे आहेत' लिहिलं तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नाला रिपोर्ट फाडतो. अजून एक, सायकॉलॉजिस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्टर्ड आहे का ते बघा, नुसता 'काउन्सेलर' बोर्ड कोणीही लावतं.

हक्काचा बाबा
बरं झालं कोणीतरी बोललं. मी याच रिपोर्टांमुळे मुलीला फक्त कोर्टाच्या चिल्ड्रन्स रूममध्ये भेटतोय. याला पेरेंटल एलिएनेशन सिंड्रोम म्हणतात, अमेरिकेत गार्डनर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1985 मध्येच लिहून ठेवलंय, आपल्या सुप्रीम कोर्टाने पण 2017 मध्ये उल्लेख केलाय. मूल बापाला नको म्हणतं म्हणजे आईने पढवलेलं असतं. ताई तुम्ही आधी स्वतःचं असेसमेंट करा.

पाटावरवंटा
वा, बाईने तोंड उघडलं की पढवलेलं! तुमचं ते सिंड्रोम डीएसएम-5 मध्ये (अमेरिकेतली मानसिक आजारांची यादी) आजार म्हणून नाहीच, आणि डब्ल्यूएचओने 2020 मध्ये आयसीडी-11 या त्यांच्या आजारांच्या यादीच्या इंडेक्समधून तो शब्दही काढून टाकला. मूल नाही म्हणतं त्याला कारण असू शकतं की नाही?

हक्काचा बाबा
शब्द काढला म्हणून प्रकार बंद होतो का. माझी मुलगी मला 'रिस्पॉन्डंट' (कोर्टातला प्रतिवादी) म्हणते, हे तिला शाळेत शिकवलं का?

तिरफळ
दोघंही थोडं थांबा. पढवणं असतं, खरी भीतीही असते, आणि कधी एकाच मुलात दोन्ही असतात. म्हणून तर बघावं लागतं. सहा वर्षांचं पोर 'बाबा आम्हाला मेंटल टॉर्चर देतात' म्हणालं की मी पेन खाली ठेवते, कारण तो शब्द त्याचा नसतो. याउलट एक मुलगा तासभर काही बोलला नाही, फक्त बाहेरच्या लिफ्टचा आवाज आला की बूट घालायला लागायचा. एक मुलगी निघताना दारात आईला म्हणाली, "बरोबर बोलले ना मी?" सीएटी या मुलांच्या टेस्टची प्राण्यांची कार्डं, घर-झाड-माणूस ही चित्रं बोलतं करायला ठीक आहेत, पण बाबाला हात नाही काढले म्हणून बाबा मारतो असं कोणी लिहीत असेल तर ते ज्योतिष झालं.

आनंदी पहाट
बाख फ्लॉवरचे (फुलांच्या अर्काचे थेंब) मिम्युलस आणि रेस्क्यू रेमेडी द्या, रोज चार थेंब. साइड इफेक्ट शून्य. आमच्याकडे मुलं आणि बोका दोघांवर गुण आलाय.

जुना शिवाजीनगरकर
थेंब कोर्टात एक्झिबिट होत नाहीत हो. ताई, वय अजून सांगितलं नाहीत. आणि घाबरतो म्हणजे काय, झालंय काय?

कोरा चहा
आठ पूर्ण. तिसरीत आहे. रविवारी ॲक्सेस असतो, तर शनिवारी रात्रीपासून पोट दुखतं, उलट्या, सकाळी चप्पलच सापडत नाही म्हणतो. त्याला कधी हात लावला नाही नवऱ्याने, मला मारायचा, ते याने पाहिलंय. एकदा दारामागे उभा राहून. पण ते जुनं झालं, आत्ता प्रश्न रिपोर्टचा आहे.

पाटावरवंटा
अहो ही मुख्य गोष्ट आहे आणि तुम्ही ती चौकशीनंतर सांगताय! डीव्हीची (घरगुती हिंसाचाराची) केस केलीये का?

कोरा चहा
नाही. घरचे म्हणाले तमाशा नको.

जुना शिवाजीनगरकर
मग ऐका. मी वकील नाही, निवृत्त आहे, पण या कोर्टात बरीच वर्षं काढलीत. फॅमिली कोर्ट ॲक्ट 1984 च्या कलम 12 खाली कोर्ट स्वतः तज्ज्ञाची मदत घेऊ शकतं. तुमच्या वकिलांना तो अर्ज टाकायला सांगा: दोघांना आणि मुलाला तपासा, रिपोर्ट कोर्टाला द्या. कलम 14 मुळे पुराव्याच्या कायद्याची आडकाठीही फार येत नाही. स्वतः आणलेल्या कागदापेक्षा याला वजन जास्त. रिपोर्ट विरोधात गेला तर हरकत घेता येते, न्यायाधीश रिपोर्टला बांधील नसतात. पाच वर्षांपर्यंत मूल सहसा आईकडे हे 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे, तुमचा मुलगा आठचा, त्यामुळे त्यावर विसंबू नका. 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स (पालक आणि पाल्य) कायद्याने मुलाला समज असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते, पण शेवटी हित बघतात, हट्ट नाही. आणि काउन्सेलरला सांगितलेलं सगळं गुप्त राहतं असं समजू नका, ताब्याच्या केसमध्ये तो रिपोर्ट कोर्ट बघू शकतं असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये म्हटलंय. मारहाणीबद्दल 2005 च्या डीव्ही कायद्यात कलम 21 आहे, तात्पुरता ताबा आणि भेटीच्या अटी त्यातही मागता येतात. तमाशा म्हणणाऱ्यांना कोर्टात उभं राहायचं नाहीये.

हक्काचा बाबा
कोणाचंही नाव घेतलं की डीव्ही. मस्त चाललंय.

पाटावरवंटा
तुमच्याबद्दल कोणी बोललं का?

निळी छत्री
अवांतर: तिसरीत असेल तर तेवढ्यात एलडीचंही बघून घ्या, कधी कधी पोटदुखी शाळेचीच असते.

तिरफळ
निळी छत्री, शनिवारी रात्री शाळा नसते. कोरा चहा, ॲक्सेस एकदम बंद मागण्यापेक्षा असेसमेंट होईपर्यंत देखरेखीखाली भेट मागणं कोर्टाला पटण्यासारखं असतं. पोटदुखी आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कागद जपून ठेवा. उपचाराला थेरपिस्ट लावायचा तर तो असेसमेंट करणाऱ्यापेक्षा वेगळा हवा, आणि वडिलांना ईमेलने कळवून लावा.

कोरा चहा
वकिलांना कलम 12 विचारलं, म्हणाले होईल पण वेळ लागेल. टाकायला सांगितलंय. देखरेखीचंही त्यातच घालतात म्हणे. डीव्हीचं भावाशी बोलते. मुलाला काय सांगून न्यायचं? आणि फी कोण भरणार, तो भरणार नाही हे आत्ताच लिहून देते.

तिरफळ
'एक ताई आहेत, मुलांशी गप्पा मारतात, काही बरोबर-चूक नसतं, बोलायचं नसेल तर नाही म्हणालास तरी चालेल.' एवढंच. आदल्या रात्री उजळणी नको, परत आल्यावर 'काय विचारलं, तू काय सांगितलंस' पण नको.

जुना शिवाजीनगरकर
फीचं अर्जातच लिहा, निम्मी निम्मी किंवा त्याने भरावी अशी मागणी करा, कोर्ट ठरवेल. वकिलांकडून अर्जाचा मसुदा आधी वाचायला मागा, 'वडिलांना घाबरतो' ऐवजी शनिवारपासून काय काय होतं ते तारखांसकट घाला.